न पाहताच दिलेला दाखला : अलेक्झांडर जिरार्दीची गोष्ट

ऑस्ट्रियात सपाट माथ्याच्या, ताठ कडेच्या गवती हॅटला 'जिरार्दी' म्हणतात. युरोपात इतरत्र ही हॅट वेगवेगळ्या नावांनी चालते. व्हिएन्नात मात्र ती एका नटाच्या डोक्यावर इतकी वर्षं दिसली, की तिला त्याचंच नाव चिकटलं. तिथल्या खानावळींत 'जिरार्दी-रोस्टब्राटन' मिळतं, म्हणजे गोमांसाच्या तुकड्यावर खारवलेल्या डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, अळंबी आणि आंबट केपर यांचा सढळ थर. शहरात त्याच्या नावाची एक गल्ली आहे, एक बाग आहे. नटाच्या नावाचा रस्ता होतो, त्यात नवल नाही. पण त्याचं नाव लोकांच्या डोक्यावर आणि ताटात जाऊन बसणं ही निराळी लोकप्रियता. आपल्याकडची गंधर्व टोपी ज्यांनी ऐकली-पाहिली आहे, त्यांना ती वेगळी समजावून सांगायला नको.

पण या माणसाचं नाव आणखी एका ठिकाणी येतं, आणि ते ठिकाण नाट्येतिहासाच्या बाहेरचं आहे. एखाद्या माणसाला वेडा ठरवून कोंडायचं असेल, तर कोणी, काय तपासून आणि कोणाच्या परवानगीने कोंडायचं, या प्रश्नाच्या ऑस्ट्रियन इतिहासात 'जिरार्दी प्रकरण' टाळून पुढे जाता येत नाही. आयुष्याची पंचवीस वर्षं ज्याच्याकडे सबंध शहर टक लावून बघत होतं, त्याच्या वेडाचा दाखला त्याला एकदाही न बघता लिहिला गेला. नटाची कारकीर्द आणि हा दाखला या दोन्ही गोष्टी सहसा वेगवेगळ्या सांगतात. मला त्या एकत्र सांगायच्या आहेत.

अलेक्झांडर जिरार्दीचा जन्म ५ डिसेंबर १८५० चा, ग्राझ शहरातला. बाप कुलपं-किल्ल्या बनवणारा कारागीर. तो आल्प्समधल्या कोर्तिना दाम्पेत्सोहून ग्राझला आलेला, म्हणून आडनाव इटालियन. बाप लवकर गेला. सावत्र बापाने पोराला त्याच धंद्याला लावलं. कानस आणि ऐरण यांच्यात वाढलेल्या या मुलाने ना गाण्याचं शिक्षण घेतलं, ना अभिनयाचं. हौशी मंडळींत तो कामं करू लागला आणि १८६९ साली रोहिच-साउअरब्रुन या पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी (आज ते स्लोव्हेनियात आहे) धंदेवाईक नट म्हणून पहिल्यांदा उभा राहिला. मग क्रेम्स, कार्ल्सबाड, इशल, साल्झबुर्ग. हवापालटाला आलेल्या लोकांची संध्याकाळ घालवणारी ही छोटी नाट्यगृहं. तिथला नट आज प्रेमिक, उद्या नोकर, परवा म्हातारा. याहून चांगली शाळा त्याला मिळाली असती असं वाटत नाही.

१८७१ मध्ये तो व्हिएन्नात श्ट्राम्फर थिएटरला आला आणि १८७४ मध्ये 'थिएटर आन देर वीन'मध्ये. हे नाट्यगृह १८०१ सालचं. बेथोव्हनचा 'फिडेलिओ' पहिल्यांदा इथेच झाला. जिरार्दी आला त्या वर्षी मात्र तिथे योहान स्ट्राउसच्या 'फ्लेडरमाउस'ची हवा होती. पुढची बावीस वर्षं हे नाट्यगृह आणि हा नट वेगळे काढता येत नाहीत.

ऑपेरेटा म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगणं तसं सोपं आहे. ऑपेरात सगळंच गातात. ऑपेरेटात बोलतात, थट्टा करतात, आणि रंगात आले की गातात. म्हणजे आपल्या संगीत नाटकाच्या जातीचा प्रकार, फक्त रागदारीऐवजी वॉल्ट्झ आणि पोल्का, आणि पुराणाऐवजी सरदार, जिप्सी, कर्जबाजारी अधिकारी. त्यात विनोदी नटाची हुकमी जागा असे ती 'कुप्ले'ची. एकाच चालीत तीन-चार कडवी, प्रत्येक कडव्याच्या शेवटी तेच पालुपद, आणि दर कडव्यात त्या पालुपदाचा अर्थ थोडा सरकलेला. संहिता आधी पोलिसांच्या सेन्सॉरकडे जायची, ऐनवेळी शब्द घुसडायला बंदी. तेव्हा नटाचं खरं भांडवल शब्दांच्या मधल्या जागेत असे. कुठे थांबायचं, कोणाकडे बघायचं, कुठला स्वर जरा ओढायचा. सेन्सॉरच्या लाल पेन्सिलीला भुवई खोडता येत नाही.

जिरार्दीचा गळा असामान्य नव्हता. मोठमोठ्या ताना घेऊन थक्क करणारा तो गायक नव्हेच. त्याचं गाणं बोलण्यातून नकळत निघायचं आणि पुन्हा बोलण्यात विरायचं. म्हणूनच संगीतकारांना तो हवासा वाटे आणि त्रासदायकही. १८८१ सालच्या 'देर लुस्टिगे क्रीग' या स्ट्राउसच्या ऑपेरेटात आपल्या वाट्याला धड गाणं नाही म्हणून तो अडून बसला, असं सांगतात. स्ट्राउसने त्याच्यासाठी एक वॉल्ट्झ लिहून दिला. त्या संबंध ऑपेरेटातलं सगळ्यात गाजलेलं गाणं ठरलं ते नेमकं हेच, हट्टापायी घुसवलेलं. (नटाच्या हट्टाला रंगभूमीचे इतिहासकार फार नावं ठेवतात. कधी कधी नटालाच कळतं की इथे गाणं हवं.)

दोन वर्षांनी त्याहून मोठी गोष्ट घडली. स्ट्राउसची दुसरी बायको त्याला सोडून थिएटर आन देर वीनच्याच संचालकाकडे राहायला गेली होती. साहजिकच स्ट्राउसने 'व्हेनिसमधली एक रात्र' हे नवं काम व्हिएन्नाला न देता बर्लिनला दिलं. ३ ऑक्टोबर १८८३ चा बर्लिनचा पहिला प्रयोग पडला. एका वॉल्ट्झच्या शब्दांत रात्रीच्या अंधारातल्या मांजरांचा उल्लेख होता. तो आल्याबरोबर प्रेक्षक म्याँव म्याँव करू लागले. ९ ऑक्टोबरला तेच काम व्हिएन्नात झालं. चाल तीच, शब्द नवे, आणि गाणारा जिरार्दी. इथे ते डोक्यावर घेतलं गेलं. सहा दिवसांच्या अंतराने एकाच चालीच्या वाट्याला आलेली ही दोन नशिबं. श्रेय नव्या शब्दांचंही आहेच. पण स्ट्राउसला काय कळायचं ते कळलं असावं. १८८५ च्या 'जिप्सी बॅरन'मध्ये झुपान या डुकरं पाळणाऱ्या श्रीमंत शेतकऱ्याची भूमिका जिरार्दीने केली. हा झुपान आपल्याला लिहिता-वाचता येत नाही हे अभिमानाने गाऊन सांगतो. शेवटच्या अंकात तो लढाईवरून परततो तो लुटीच्या चीजवस्तू मिरवत. विनोदी पात्र, पण त्याच्यावर हसताना थोडं चाचरायला होतं.

त्याच वर्षी, २४ मे १८८५ रोजी, प्राटर उद्यानात एक धर्मादाय जलसा झाला. आयोजक राजकन्या पाउलिन मेटरनिख. व्हिएन्नाच्या भाड्याच्या दोन घोड्यांच्या बग्गीला, 'फियाकर'ला, शंभर वर्षं झाल्याचं निमित्त होतं. त्यासाठी गुस्टाव्ह पिक याने लिहिलेलं गाणं जिरार्दीने गायलं. गाण्यात एक बग्गीवाला आपल्या दोन काळ्या घोड्यांची ऐट सांगतो. आपल्या गाडीत कोण कोणाबरोबर बसलं, हे आपण कधी बोलत नाही म्हणून सांगतो. शेवटी म्हणतो की आता साठी गाठली, आणि मेल्यावर याच घोड्यांनी मला न्यावं. तेव्हा जिरार्दी पस्तिशीचाही नव्हता. तरीही त्या दिवसापासून हे 'फियाकरलीड' व्हिएन्नाचं जणू खासगी राष्ट्रगीत झालं. जिरार्दीच्या आवाजात त्याची ध्वनिमुद्रिकाही उरली आहे. खरखरीतून येणारा तो आवाज गाण्याची फार फिकीर करत नाही. समोर बसलेल्या कोणाला तरी काही सांगत असतो.

इथे एक गंमत नोंदवायला हवी. अस्सल व्हिएन्नाचं म्हणून जे गाणं ओळखलं जातं, त्याचा कर्ता पिक हा तेव्हाच्या हंगेरीतल्या रेखनित्सच्या ज्यू घरातला, आणि गाणारा ग्राझचा, इटालियन आडनावाचा. पण शहराने त्याला आपला नमुना ठरवलं. तरुण त्याच्यासारखी हॅट घालू लागले, त्याच्यासारखं अनुनासिक, रेंगाळत बोलू लागले. नक्कल इतकी झाली की नट व्हिएन्नासारखा बोलतो की व्हिएन्ना नटासारखी, हे सांगणं अवघड व्हावं. १८९१ मध्ये कार्ल झेलरच्या 'पक्षी विकणारा'मध्ये त्याने तिरोलचा आडाम रंगवला. झेलर पेशाने सरकारी खात्यातला अधिकारी. त्यातल्या एका गाण्याच्या पालुपदातच नाइटिंगेलला 'पुन्हा एकदा गा' अशी विनवणी आहे. 'वन्स मोअर'ची सोय संगीतकाराने चालीतच करून ठेवलेली.

१८९३ मध्ये जिरार्दीने हेलेने ओडिलोन या नटीशी लग्न केलं. ती ड्रेसडेनची, डॉइचेस फोल्क्सथिएटरची आघाडीची नायिका, देखणी आणि कोणाचं ऐकून न घेणारी. दोघंही गाजलेली, दोघंही लहरी. संसार लवकरच विटला. त्याचा संशय, तिच्याबद्दलच्या वावड्या, भांडणं. सारं शहराला पाठ. १८९६ मध्ये ओडिलोनने नवरा वेडा झाला आहे, त्याच्यापासून धोका आहे, अशी तक्रार केली. आणि इथे युलिउस वाग्नर-याउरेग हे नाव येतं. हा व्हिएन्ना विद्यापीठातला मनोविकारशास्त्राचा प्राध्यापक. त्याने जिरार्दीला तपासलं नाही, त्याच्याशी बोलला नाही. दुसऱ्यांनी सांगितलेल्या हकिकतीवर विसंबून त्याने दाखला लिहिला : कोकेनमुळे वेड लागलेलं आहे, माणूस धोकादायक आहे, संस्थेत ठेवावा.

त्या काळच्या व्यवस्थेत एवढा कागद पुरे होता. पोलीस येणार आणि बंद गाडीतून वेड्यांच्या इस्पितळात नेणार. आत गेलेल्या माणसाने 'मी शहाणा आहे' म्हणणं हे तिथे आजाराचंच लक्षण धरलं जाई.

जिरार्दीला सुगावा लागला. तो निसटला आणि थेट काथरिना श्राटच्या घरी गेला. श्राट ही बुर्गथिएटरची नटी, आणि सम्राट फ्रान्झ जोसेफची अनेक वर्षांची जिवलग मैत्रीण. तिने सम्राटाच्या कानावर घातलं. वरून चक्रं फिरली, जिरार्दीची खरीखुरी तपासणी झाली, आणि तो शहाणा असल्याचा निर्वाळा मिळाला. लग्न मोडलं. थिएटर आन देर वीनही त्याच साली सुटलं.

श्राटच्या घरचा एक किस्सा व्हिएन्नात अजून सांगतात. सम्राटाने एकदा तिला म्हटलं, जिरार्दी फार गमतीदार बोलतो म्हणे, त्याला जेवायला बोलाव. जेवण झालं. जिरार्दी गप्प, मान खाली. शेवटी सम्राटाने विचारलं, तुमच्या गप्पांची एवढी ख्याती आणि तुम्ही बोलत का नाही? त्यावर जिरार्दी उत्तरला, महाराज, आपण कधी सम्राटाबरोबर जेवला आहात का? किस्से घासूनपुसून चकचकीत होतात, तेव्हा तो शब्दशः घेऊ नये. पण ज्या दाराशी जीव वाचवायला पळालो, त्याच दारात हसवायला बोलावलं गेल्यावर घास घशात अडकणारच.

आता थोडं थांबून दाखल्याकडे पाहू. वाग्नर-याउरेग हा कोणी भोंदू नव्हता. मेंदूच्या उपदंशावर मलेरियाचा ताप देऊन उपचार करण्याच्या शोधासाठी त्याला १९२७ चं नोबेल मिळालं. आपल्या शास्त्रात तो मोठा माणूस होता. मग त्याने असं का केलं? उत्तर फार गुंतागुंतीचं नसावं असं मला वाटतं. सांगणारी माणसं ओळखीची होती, आणि ज्याच्याबद्दल सांगत होती तो जिरार्दी होता. जिरार्दीचा विक्षिप्तपणा पाहायला त्याच्या घरी जाण्याची गरजच काय, सगळं व्हिएन्ना तिकीट काढून तो पाहत होतं. अचानक बिघडणारा मूड, डोळ्यांतला उदासपणा, मध्येच तुटणारं बोलणं, ही त्याची कलाच होती. प्रसिद्ध माणसाला आपण ओळखतोच, या समजुतीपायी तो डोळ्यांसमोर नसला तरी चालतं. विदूषकाच्या बाबतीत तर ही समजूत जास्तच घट्ट असते.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. जिरार्दी वाचला तो कायद्यामुळे नव्हे, ओळखीमुळे. एका वशिल्याचा कागद दुसऱ्या, वरच्या वशिल्याने रद्द केला. ग्राझचा एखादा कुलूपवाला त्याच दाखल्यावर गाडीत घातला गेला असता, तर तो कोणाचं दार ठोठावणार होता? हा प्रश्न वर्तमानपत्रांनी लावून धरला. लवकरच दुसरं प्रकरण आलं. बेल्जियमच्या राजाची मुलगी, कोबुर्गची राजकन्या लुइझे हिला वेडी ठरवून १८९८ पासून बंदिस्त ठेवलं गेलं. १९०४ मध्ये ती पळाली, आणि पुढे पॅरिसच्या डॉक्टरांनी तिला शहाणी म्हटलं. कार्ल क्राउसने आपल्या 'डी फाकेल' या नियतकालिकात या सगळ्या कारभाराचे वाभाडे काढले. तो जिरार्दीचाही निस्सीम चाहता. अखेर १९१६ मध्ये, ऐन महायुद्धात, ऑस्ट्रियाने नवा नियम केला : बंद संस्थेत ठेवलेल्या माणसाचं प्रकरण न्यायालयापुढे यायलाच हवं. या बदलामागच्या कारणांत १८९६ चा तो कागद मोजला जातो. वीस वर्षं लागली.

ही कहाणी नेहमी जिरार्दीच्या बाजूने सांगितली जाते आणि ओडिलोन तिच्यातली खलनायिका असते. तिने जे केलं ते क्रूर होतं, यात शंका नाही. पण पुढचं पानही वाचायला हवं. काही वर्षांत तिला पक्षाघात झाला, रंगभूमी सुटली, आणि आपला कारभार स्वतः पाहायला ती असमर्थ आहे असं ठरवून तिलाच पालकत्वाखाली ठेवलं गेलं. १९०९ मध्ये तिने आठवणी प्रसिद्ध केल्या. पुस्तकाचं नाव 'एका मंदबुद्धी बाईचं पुस्तक'. जो शिक्का कायद्याने मारला, तोच मुखपृष्ठावर छापून बाई बाजारात उभी राहिली. ती १९३९ पर्यंत जगली. तिच्यासाठी कोणी सम्राटाकडे गेलं नाही. तोवर सम्राटच उरला नव्हता.

जिरार्दीने १८९८ मध्ये दुसरं लग्न केलं. बायको लेओनी, पियानो बनवणाऱ्या लुडविग बोझेनडोर्फरची मानसकन्या. हा संसार टिकला. कामं चालूच होती; एका नाट्यगृहातून दुसऱ्यात, मध्येच बर्लिनला. १९०३ मध्ये एडमुंड आयस्लरच्या 'ब्रुडर श्ट्राउबिंगर'ने पुन्हा गर्दी खेचली. पण पन्नाशीनंतर त्याचा ओढा बदलत गेला. राइमुंडच्या 'उधळ्या'मधला सुतार व्हालेंटिन, 'माइन लेओपोल्ड'मधला पोरासाठी होरपळणारा चांभार, अशी साध्या, हात राबवणाऱ्या माणसांची कामं तो करू लागला. व्हालेंटिन रंधा मारता मारता मरणाविषयीचं गाणं म्हणतो. कारागिराचे हात कसे हलतात, हे जिरार्दीला कोणी शिकवायला नको होतं.

१९१२ मध्ये एमेरिख काल्मानच्या 'जिप्सी-प्रीमास'मध्ये त्याने पाली राच हा म्हातारा व्हायोलिनवादक उभा केला. युरोपभर गाजलेला बाप. आणि आता लोकांना त्याच्या मुलाचं वाजवणं ऐकायचं आहे. ऑपेरेटातही नवी पिढी आली होती, 'मेरी विडो'नंतरचा प्रेक्षक देखण्या नायकाच्या वॉल्ट्झवर भाळलेला. जुन्या विनोदी नटाला मध्यभागी ठेवून लिहिण्याचे दिवस सरत होते. त्या सरत्या दिवसांत ही भूमिका त्याच्या वाट्याला यावी, याला योगायोग म्हणवत नाही. काल्मान बावळट नव्हता.

आणि अगदी शेवटी बुर्गथिएटर. हे दरबारी नाट्यगृह, शुद्ध जर्मनचं सोवळं पाळणारं. ज्याने आयुष्यभर बोलीत गाऊन लोकांना हसवलं, त्याला तिथे स्थान मिळायला सदुसष्टावं वर्ष उजाडावं लागलं. १५ फेब्रुवारी १९१८ रोजी तो राइमुंडच्या 'लक्षाधीश शेतकरी'मध्ये फोर्टुनाटुस वुर्त्सेल म्हणून उभा राहिला. या नाटकात उन्मत्त झालेल्या श्रीमंत वुर्त्सेलकडे तारुण्य पाहुणं म्हणून येतं, गोड गाणं म्हणतं, हात हातात घेतं आणि निरोप घेऊन जातं. मग दारावर थाप पडते ती म्हातारपणाची. वुर्त्सेल राखवाला होतो, पाठीवर टोपलं घेऊन घरोघरची राख गोळा करतो.

बाहेर युद्धाचं चौथं वर्ष होतं आणि व्हिएन्नात पाव मोजून मिळत होता. जिरार्दीचा मधुमेह बळावला. पाय कापावा लागला. २० एप्रिल १९१८ रोजी तो गेला. बुर्गथिएटरच्या रंगमंचावर पहिल्यांदा पाऊल ठेवल्याला तेव्हा जेमतेम नऊ आठवडे झाले होते.